तोरणा कुठाय? निसर्गचित्रणासाठी लेन्सची निवड आणि फोटोवरचा अभिप्राय

सिंहगडाच्या पश्चिमेकडच्या काठावरून काढलेला एक फोटो मी हौसेने बारा बाय आठ इंचांवर छापून घेतला होता. ऑक्टोबरमधली सकाळ, पुढ्यात सोनकीची पिवळी फुलं, वर धुतल्यासारखं आकाश आणि मागे तोरणा. आमच्या रविवारच्या ट्रेकच्या ग्रुपमधल्या काकांना तो दाखवला. काका भूगोल शिकवून निवृत्त झालेले आणि निम्मा सह्याद्री पायाखाली घातलेले. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "छान आहे गं, पण यात तोरणा कुठाय?"

मी बोट ठेवून दाखवला. तोरणा बोटाखाली अख्खा झाकला गेला.

त्या रात्री मी वहीत हिशेब मांडला. सिंहगड ते तोरणा सरळ रेषेत सुमारे १७ किलोमीटर. तोरण्याचा दिसणारा डोंगर ६०० मीटर उंच धरला आणि लेन्सची फोकल लेंथ, म्हणजे ती दूरचं किती मोठं करते ते सांगणारा आकडा, १८ मिलिमीटर होती. उंची गुणिले फोकल लेंथ, भागिले अंतर, म्हणजे सेन्सरवर, कॅमेऱ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या पट्टीवर, तोरण्याची उंची आली ०.६३ मिलिमीटर. माझा कॅमेरा एपीएस-सी नावाच्या लहान सेन्सरचा, त्यावरची प्रतिमा बारा इंची प्रिंटवर १३ पट मोठी होते. म्हणजे छापलेला तोरणा ८ मिलिमीटर, बासमतीच्या लांब दाण्याएवढा. हेच गणित २०० मिलिमीटरला केलं तर तोरणा ९ सेंटिमीटरचा होतो.

डोळ्यांना तो गड मोठा दिसत होता कारण माझं सगळं लक्ष त्याच्यावर होतं. लेन्सला लक्ष नसतं. तेव्हापासून मी लेन्सची निवड आणि फोटोवरचा अभिप्राय या दोन गोष्टी वेगळ्या धरत नाही. तुम्हाला काय दाखवायचं होतं ते लेन्स ठरवते आणि समोरच्याला काय दिसलं ते अभिप्राय सांगतो. या दोहोंतला फरक कमी कसा करायचा, ते पुढे क्रमाने लिहिते आहे.

पायरी १ : दुकानात जाण्याआधी स्वतःचे फोटो मोजा

नवी लेन्स घ्यायची म्हटलं की बहुतेक जण "कुठली चांगली?" असं विचारतात. त्याआधी तुमचे आवडते दीडदोनशे फोटो उघडा. प्रत्येक डिजिटल फोटोबरोबर फोकल लेंथ नोंदलेली असते. कागदावर चार रकाने करा: १८ ते २४, २५ ते ४०, ४१ ते ५४, आणि झूमच्या अगदी शेवटच्या टोकाला काढलेले. एकेक फोटो बघत रेघा मारत जा. अर्ध्या तासात चित्र स्पष्ट होतं. शेवटच्या टोकाला रेघांची गर्दी असेल आणि त्यांतले बरेच फोटो तुम्ही नंतर क्रॉप केले असतील, तर तुम्हाला टेली, म्हणजे दूरचं मोठं दाखवणारी लेन्स, हवी आहे. १८ वर गर्दी असेल तर लगेच वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी लेन्स, घेऊ नका. ते फोटो पुन्हा बघा आणि पुढ्यात काही आहे का ते तपासा. पुढ्यात नुसती मोकळी जमीन असेल, तर अडचण लेन्सची नाही, उभं राहण्याच्या जागेची आहे.

दुसरी परीक्षा वेताळ टेकडीवर करा. पुणे शहरातली ही सगळ्यांत उंच टेकडी, सकाळी पोचायला सोपी. झूम लेन्स एकाच आकड्यावर ठेवा आणि रिंग हलू नये म्हणून कागदी चिकटपट्टी लावा. एक सकाळ फक्त २४, पुढच्या रविवारी फक्त ५५. खाणीचा काठ, वाळलेल्या गवतातून जाणारी पायवाट, दूरचा सिंहगड, सगळं त्याच आकड्यावर घ्यायचं. पहिला तासभर चिडचिड होते. मग पाय हलायला लागतात आणि "इथून ५५ मध्ये एवढंच मावेल" हे कॅमेरा डोळ्याला न लावताच कळायला लागतं.

पायरी २ : सेन्सरचा आकडा एकदाच समजून घ्या

फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. एपीएस-सी त्याहून लहान, म्हणून त्यावर लेन्सचा आकडा दीडपट धरायचा, कॅननवर १.६ पट. मायक्रो फोर थर्ड्सवर दुप्पट. म्हणजे किट लेन्सची, कॅमेऱ्याबरोबर मिळणाऱ्या लेन्सची, १८ ही फुल फ्रेमवरच्या २७ सारखी वागते. कुणी "मी २४ वर काढला" म्हणालं, तर कुठल्या बॉडीवर ते आधी विचारा. खाली मी एपीएस-सीचे आकडे देते आहे, कारण सुरुवात करणाऱ्या बहुतेकांच्या हातात तोच कॅमेरा असतो.

पायरी ३ : वाइड लेन्स कशासाठी

"सगळं मावावं म्हणून वाइड" हा समज सोडून द्या. वाइडमध्ये सगळं मावतं, पण दूरचं सगळं लहान होऊन मावतं. तिचा खरा उपयोग जवळची वस्तू मोठी करून ती दूरच्या वस्तूशी जोडण्यासाठी आहे. सोनकीचं झाड कॅमेऱ्यापासून दोन मीटरवर असेल तर ते निरुपयोगी. कॅमेरा गुडघ्याखाली आणा, फूल ५० ते ७५ सेंटिमीटरवर येऊ द्या, मग मागचा बुरूज लहान असला तरी नजर फुलावरून तिथपर्यंत जाते.

कासच्या पठारावर, राजगडाच्या माच्यांवर किंवा पुण्यातल्या तळजाई टेकडीवर पहिल्या पावसानंतर असं बसून बघा. वाइड लेन्स उभ्याने वापरली तर फ्रेमचा मधला पट्टा रिकामा राहतो. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा हा मोठा अपवाद. त्याची अंतर्वक्र कमान इतकी पसरलेली आहे की काठाशी ती पुरती टिपायला १० ते १२ मिलिमीटर लागतेच. तिथे आणि कुठल्याही कड्यावर एक शिस्त पाळा: डोळा कॅमेऱ्याला असताना पाय हलवायचा नाही. जागा बदलायची असेल तर कॅमेरा खाली घ्या, जमीन बघा, मग पाऊल टाका.

फोकस कुठे करायचा? एपीएस-सीवर १८ मिलिमीटर आणि एफ ११ असेल (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान), तर दीड मीटरवर फोकस केल्यास साधारण ७५ सेंटिमीटरपासून अनंतापर्यंत सगळं स्पष्ट येतं. एफ ८ ला हेच अंतर दोन मीटर होतं आणि स्पष्टता एक मीटरपासून सुरू होते. दीड मीटर म्हणजे माझी दोन मोठी पावलं. मी पावलं टाकून मोजते, तिथल्या दगडावर फोकस करते आणि मग फोकस मॅन्युअलवर टाकते. यात एक मेख आहे. या पद्धतीने अगदी दूरचा डोंगर जेमतेम चालेल इतपतच स्पष्ट येतो. मोठा प्रिंट काढायचा असेल आणि गड महत्त्वाचा असेल, तर फोकस थोडा पुढे, तीन-चार मीटरवर न्या आणि फूल किंचित मऊ पडलं तर पडू द्या.

सगळं स्पष्ट हवं म्हणून एफ २२ ला जाऊ नका. छिद्र इतकं लहान झालं की प्रकाश कडांवरून पसरतो आणि एकेका बिंदूचा ठिपका मोठा होतो. एफ ११ ला हा ठिपका सुमारे १५ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), तर एफ २२ ला जवळजवळ ३० मायक्रॉनचा. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरचा पिक्सेल जेमतेम ४ मायक्रॉनचा असतो. पैसे खर्चून घेतलेली लेन्सची धार आपणच बोथट करतो. एफ ८ ते एफ ११ मध्ये राहा.

पायरी ४ : टेली, म्हणजे पुणेकरांची खरी लेन्स

हे मी ठामपणे म्हणते. आपल्या आसपासच्या डोंगरांचं वैभव एकामागे एक उभ्या असलेल्या रांगांमध्ये आहे. तिकोन्यावरून तुंगचा सुळका, लोहगडावरून विसापूरची भिंत आणि खाली पवनेचं पाणी, सिंहगडावरून राजगड-तोरणा, राजगडावरून पुढे लिंगाण्यापर्यंतच्या ओळी. हे सगळं ७० ते २०० मध्ये आहे. तरी ताम्हिणीत पावसाळ्यात बघावं तर दहांतले नऊ जण वाइड लावून उभे असतात.

टेलीने रांगा "जवळ आल्या" असं आपण म्हणतो, पण लेन्स काही जवळ आणत नाही. दोन डोंगरांच्या आकारांचं एकमेकांशी प्रमाण तुम्ही उभे आहात त्या जागेवरून ठरतं. टेली फक्त आजूबाजूचं कापून टाकते. म्हणून टेली लावायची तर मागे जाऊन उभं राहायला जागा आधी शोधा. दोन किलोमीटर मागच्या टेकाडावरून तुंगच्या मागची रांग सुळक्याच्या तुलनेत मोठी दिसते. पायथ्याशी गेलात तर ती सुळक्याआड बुडते.

हवा बघा. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर, पाऊस ओसरल्यावर धूळ बसलेली असते आणि दूरवर दिसतं. डिसेंबर-जानेवारीत सकाळी थंड हवा खाली साचते आणि शहराचा धूर तिच्यात अडकतो. गडावरून त्याचा करडा थर स्पष्ट दिसतो. तो टाळायचा असेल तर शहराकडे पाठ करून नैर्ऋत्येला बघा. रांगांचे थर वेगळे करायला थोडं धुकं मात्र हवंच. एप्रिल-मे मध्ये दहानंतर टेली बाहेर काढू नका, तापलेल्या कातळावरची हवा थरथरते आणि कितीही चांगली लेन्स असली तरी डोंगराची कड वितळल्यासारखी येते.

हलणं हा टेलीचा शत्रू. गडावर वारा असतो. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, पाण्याची बाटली भरलेली सॅक त्याला टांगा, पण सॅक जमिनीला टेकू द्या, नाहीतर ती झोके घेते आणि ट्रायपॉडही हलवते. दोन सेकंदांचा टायमर लावा. ट्रायपॉडवर असताना लेन्सची थरथर थांबवणारी सोय बंद करून एक आणि चालू ठेवून एक, असे दोन्ही फोटो घेऊन घरी तुलना करा. काही लेन्सना फरक पडतो, काहींना नाही.

मधल्या टप्प्याबद्दल थोडक्यात. ३० ते ५५ ही घाटातल्या वळणांची, झाडांची, ताम्हिणीतल्या छोट्या धबधब्यांची रेंज. किट लेन्स यासाठी पुरेशी आहे, एफ ८ ला ती चांगलं काम देते. तिच्याबरोबर पोलरायझर नावाचा फिल्टर घ्या. ओल्या पानांवरची चमक तो काढतो आणि हिरवा रंग खरा दिसतो. प्रकाश मात्र दीड ते दोन स्टॉपनी कमी होतो (एक स्टॉप कमी म्हणजे प्रकाश निम्मा). अति वाइडवर तो वापरू नका, आकाशात मधेच गडद पट्टा उमटतो.

पायरी ५ : काय घ्यायचं, आणि घेतलेलं जपायचं कसं

माझा क्रम असा: किट लेन्स असेल तर पहिला ट्रायपॉड, मग ५५-२०० किंवा ७०-३०० सारखी साधी टेली, मग पोलरायझर आणि सगळ्यात शेवटी १०-१८ सारखी वाइड. निसर्गचित्रणात आपण एफ ८ लाच राहतो, त्यामुळे एफ २.८ ची महाग लेन्स खांद्यावर वाहण्यात अर्थ नाही. फुल फ्रेमची ७०-२०० एफ २.८ दीड किलोपर्यंत जाते. ती घेऊन राजगडाची चढण एकदा चढून बघा. लेन्स भाड्याने मिळते, तेव्हा घेण्यापूर्वी एक शनिवार-रविवार आणून वापराच.

सेकंडहँड घेताना अपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, पूर्ण उघडं ठेवा, मागून मोबाइलचा टॉर्च धरा आणि पुढून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी, सौदा सोडून द्या. धुळीचे दोन-चार कण असले तर बिघडत नाही. झूम आणि फोकसची रिंग पूर्ण फिरवून बघा, कुठे खरखरली तर कारण विचारा.

बुरशी नव्या लेन्सलाही लागते. जून ते सप्टेंबर लेन्स चामड्याच्या किंवा कापडी पाउचमध्ये कपाटात ठेवू नका. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा लहान मीटर, काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की तव्यावर मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरता येतात, पण तो तवा स्वयंपाकाला वापरायचा नाही. ताम्हिणीला एसी लावलेल्या गाडीतून उतरलात तर बॅग वीस मिनिटं बंदच राहू द्या, नाहीतर थंड काचेवर बाष्प धरतं.

पायरी ६ : अभिप्राय मागायचा कसा

फोटो मोबाइलवर दाखवू नका. सहा इंचांच्या पडद्यावर सगळंच उजळ आणि धारदार दिसतं आणि बघणारा दोन सेकंदांत अंगठा फिरवतो. आठ बाय बाराचा प्रिंट हातात दिला की माणूस थांबतो. काकांना मोबाइलवर दाखवलं असतं तर ते "वा" म्हणाले असते आणि मी आजही तेच फोटो काढत असते.

"कसा आहे?" असं विचारू नका. त्याला "मस्त" हेच उत्तर येतं. मी तीन प्रश्न विचारते. पहिली नजर कुठे गेली? मग ती कुठे अडकली किंवा फोटोबाहेर गेली? हा फोटो कशाचा आहे, एका वाक्यात सांगशील? तिसरा प्रश्न सगळ्यांत उपयोगी. तुमच्या मनातलं वाक्य आधी प्रिंटच्या मागे पेन्सिलीने लिहून ठेवा आणि नंतर जुळवून बघा.

माणसं वेगवेगळी निवडा. एक फोटो काढणारा, एक फोटोशी काही संबंध नसलेला आणि एक ती जागा रोज बघणारा. सिंहगडावर मडक्यातलं दही विकणाऱ्या मावशींना मी एकदा माझे चार प्रिंट दाखवले. त्यांनी ओले हात पदराला पुसले, फोटो कडेने धरले आणि एकेक करत खाली ठेवत म्हणाल्या, "हा पाऊस ओसरल्यावरचा. हा सकाळचा. ताई, तुम्ही सांजच्याला का येत नाही? थंडीत दिवस तोरण्याकडं बुडतो." घरी येऊन मी नकाशावर कोन मोजला. सिंहगडावरून तोरणा उत्तरेपासून सुमारे २३५ अंशांवर आहे आणि डिसेंबरअखेर पुण्यात सूर्य २४५ अंशांच्या आसपास मावळतो. जूनमध्ये तोच २९५ वर जातो. मावशींचं म्हणणं बरोबर होतं, आणि इतक्या वर्षांत हे मला एकाही फोटोग्राफरने सांगितलं नव्हतं.

पायरी ७ : ऐकायचं, लिहायचं, वर्गवारी करायची

अभिप्राय देताना समोरचा बोलत असेल तेव्हा फोटोची बाजू मांडू नका. "तिथे वारा होता", "पाच तास चढून गेले होते" हे सांगितलं की तो माणूस पुढचं खरं बोलत नाही. त्याचे शब्द जसेच्या तसे वहीत लिहा. मग त्यांचे तीन भाग करा: त्याला काय दिसलं, त्याला काय आवडलं आणि त्याने काय करायला सांगितलं.

पहिला भाग नेहमी खरा धरा. "तोरणा दिसत नाही" याच्याशी वाद घालता येत नाही, त्याला दिसला नाही म्हणजे नाही. दुसऱ्या भागात आवडीनिवडी येतात. धबधब्याचं पाणी दुधासारखं हवं की थेंब थेंब, यावर माझ्या ओळखीतले दोन जण कायम उलट बोलतात. तिथे स्वतःचं ऐका. तिसऱ्या भागाशी सावध राहा. लोक दुखणं बरोबर सांगतात, पण औषध भलतंच सुचवतात. "रंग वाढव" याचा अर्थ बहुतेकदा फोटो फिका वाटला इतकाच असतो. कारण दुपारचं ऊन असू शकतं, पानांवरची चमक असू शकते. त्यावर इलाज लवकर जाणं किंवा पोलरायझर लावणं. "आकाश काप" म्हणजे वर काही घडत नाहीये, अशा वेळी पुढच्या खेपेला लांब लेन्स लावा. "काहीतरी गर्दी होतेय" हे वाइडवर ऐकू आलं, तर गुडघे टेका आणि एक पाऊल पुढे जा.

एका स्पर्धेत परीक्षकांनी माझ्या पवनेच्या फोटोवर "पोस्टकार्ड" एवढा एकच शब्द लिहिला होता. मला तो फार लागला, दोन दिवस कॅमेऱ्याला हात लावला नाही. आठ दिवसांनी वही उघडली आणि त्याच पाण्याचे इतरांचे दहा फोटो माझ्या फोटोशेजारी ठेवले. सगळ्यांची उभं राहायची जागा एकच होती, रस्त्याकडेची मोकळी जागा. त्या शब्दात मला उपयोगी पडेल असं निरीक्षण होतं, फक्त ते उलगडून सांगितलेलं नव्हतं. म्हणून दुसऱ्याच्या फोटोवर बोलाल तेव्हा एका शब्दावर थांबू नका. तुमची नजर कुठे गेली आणि कुठे थांबली ते सांगा, तेवढ्याने त्याचं काम होतं.

एकच गोष्ट तिघांनी स्वतंत्रपणे सांगितली, तर ती घेऊन त्याच जागेवर परत जा. क्रॉप करून भागवू नका. क्रॉपने तोरणा मोठा होतो, पण त्याच्या वाट्याचे पिक्सेल तेवढेच राहतात.

मी डिसेंबरमध्ये परत गेले. ५५-२००, ट्रायपॉड, एफ ८. गाड्या खाली उतरवायची वेळ आधी विचारून घेतली होती आणि परतीसाठी हेडटॉर्च बरोबर होता. सूर्य तोरण्याच्या उजवीकडे उतरला, रांगांचे पाच थर वेगळे झाले. प्रिंटवर गड बरोबर नऊ सेंटिमीटरचा आला. काकांनी पुन्हा चष्मा कपाळावर नेला, गडाच्या कडेवरून नखाने रेघ ओढत गेले आणि डावीकडच्या चौकटीपाशी थांबले. "तोरणा झकास. पण अगं, इथे डावीकडे राजगड असतो. तो कुठे गेला?"

राजगड आणि तोरणा यांत तिथून जवळजवळ २५ अंशांचं अंतर आहे. २०० मध्ये दोन्ही मावणं शक्यच नाही. ४० वर मावतात, पण मग तोरणा पावणेदोन सेंटिमीटरचा होतो. वहीत पुढची नोंद अशी आहे: १०० मिलिमीटर, कॅमेरा उभा, डावीकडून उजवीकडे पाच फ्रेम, प्रत्येक फ्रेम आधीच्यावर ३० टक्के चढलेली, एक्स्पोजर आणि फोकस मॅन्युअल, नंतर जोडायच्या. प्रिंट २४ इंच रुंद.